कायदा बदलला, ठणका तोच

मॉर्फिन, वेदनांवरचे उपचार आणि अर्नाळ्यापर्यंतची वाट : एक आढावा

पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यातल्या अर्नाळा किल्ल्यावर राहणाऱ्या माणसाला तोंडाचा कर्करोग झाला, तर त्याची वाट ठरलेली असते. होडीने अर्नाळ्याचा किनारा, तिथून आगाशीमार्गे विरार स्टेशन, विरारहून लोकलने दादर आणि पुढे परळचे टाटा रुग्णालय. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो यांसाठी लोक ही वाट पुन्हा पुन्हा तुडवतात, कारण पलीकडे बरे होण्याची आशा असते. आजार हाताबाहेर गेला की ‘आता घरी घेऊन जा’ एवढेच कानावर पडते. माणूस घरी येतो आणि त्याच्याबरोबर ठणकाही घरी येतो. तो गिळू देत नाही, बोलू देत नाही, रात्र रात्र घरातल्या कुणालाच डोळा लागू देत नाही.

या ठणक्यावर औषध आहे. ते नवे नाही, महाग नाही, परदेशातून आणावे लागत नाही. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आणि त्याच्या जोडीची साधी औषधे पायरीपायरीने दिली, तर कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांची वेदना आटोक्यात येते, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच मांडले. मॉर्फिन ज्या अफूपासून काढतात ती अफू आपल्याच देशात, विरारवरून जाणाऱ्या गाडीने एका रात्रीत गाठता येईल अशा मंदसौर-नीमच पट्ट्यात, सरकारी परवान्याने पिकते. तरीही २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगातल्या वेदनाशमनाचा हिशेब मांडला, तेव्हा भारताच्या वाट्याला आलेला आकडा लाज आणणारा होता. गंभीर आजाराने वेदना भोगणाऱ्या एका रुग्णामागे वर्षाला अवघे ४३ मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा त्याच्या तोडीचे औषध. गरजेच्या फक्त ४ टक्के. चीनमध्ये हाच आकडा ३१४ होता, मेक्सिकोत ५६२, अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक.

हे असे का झाले, कायदा किती बदलला, आणि बदललेला कायदा अर्नाळ्यासारख्या गावापर्यंत का उतरत नाही, याचा हा आढावा. माझे म्हणणे थोडक्यात असे : व्यसनाच्या भीतीने आपण आजाऱ्याच्या उशाशी असायला हवी ती गोळी कुलूपबंद केली, आणि त्याच काळात व्यसन लावणारी दुसरी औषधे बाजारात मोकळी वाहू दिली. कुलूप आता कायद्याने बरेचसे काढले आहे. उणीव आहे ती गोळी योग्य माणसापर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षित हातांची.

गोळी काय करते

मॉर्फिनविषयी घरोघरी दोन समजुती भेटतात. एक, ‘मॉर्फिन सुरू केले म्हणजे शेवट आला.’ दुसरी, ‘सवय लागेल.’ दोन्ही समजुतींमुळे माणसे वेदना सोसत राहतात, म्हणून आधी त्यांविषयी.

मॉर्फिन आजार बरा करत नाही आणि योग्य मात्रेत दिले तर मरणही ओढवून आणत नाही. ते मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ग्राहींवर काम करून वेदनेचा संदेश क्षीण करते. साधी गोळी सुमारे चार तास टिकते, म्हणून ती दुखल्यावर घ्यायची नसून घड्याळाप्रमाणे घ्यायची असते. मात्रा थोडक्यावरून सुरू करून वेदना आवरेपर्यंत हळूहळू वाढवतात. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यामुळे मॉर्फिनच्या चिठ्ठीवर रेचक नसेल तर ती चिठ्ठी अपुरी आहे. मूत्रपिंड अधू असेल, रुग्ण झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेत असेल, तर धोका वाढतो आणि मात्रा जपून ठरवावी लागते. हे सगळे शिकून घेता येण्याजोगे वैद्यकशास्त्र आहे.

सवयीचा प्रश्न जरा नीट समजून घेतला पाहिजे. काही आठवडे मॉर्फिन घेतलेल्या शरीराला ते एकदम बंद केले तर त्रास होतो. म्हणून ते उतरवत बंद करायचे असते. हा शरीराचा सराव आहे. व्यसन निराळे : औषधाचा ध्यास, नुकसान दिसत असूनही घेत राहणे, त्यापायी घरदार पणाला लावणे. वेदनेसाठी, देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णात हे क्वचित दिसते. याचा सर्वांत बोलका पुरावा भारतातलाच आहे. केरळमध्ये कालिकतच्या पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीने दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना घरी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिले की या रुग्णांत गैरवापराचे किंवा गोळ्या बाहेर विकल्याचे एकही प्रकरण आढळले नाही. गोळ्या मोजून दिल्या जात होत्या, घरच्यांना समजावले जात होते, पथक घरी जात होते. सुरक्षितता त्या पद्धतीतून आली होती.

अफूची किनारपट्टी आणि गर्दची भीती

आपल्या किनाऱ्याला अफू नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याची अफू ईस्ट इंडिया कंपनीला चुकवून पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनला जात असे. पुढे कंपनीने परवाने आणि जकातीची व्यवस्था करून हा ओघ मुंबईकडे वळवला. मुंबईच्या कितीतरी पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाबरोबरच अफूचाही वाटा होता, आणि त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभे राहिले. चीनमधल्या लाखो माणसांना व्यसनात लोटणारा हा व्यापार होता, आणि त्याची आठवण अफूच्या प्रत्येक धोरणावर सावट धरून आहे.

१९६१ चा अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करार याच पार्श्वभूमीवर झाला. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत : अमली पदार्थांचा गैरवापर रोखणे, आणि वेदनाशमनासाठी त्यांचा वैद्यकीय वापर अपरिहार्य असल्याने ते उपलब्ध राहतील याची सोय करणे. बहुतेक देशांनी पहिली जबाबदारी उचलली आणि दुसरी विसरली. भारतही त्यांत होता.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत गर्द आले. ब्राऊन शुगरची पुडी, चांदीचा कागद, आणि काही महिन्यांत खंगत गेलेली तरुण मुले. अनिल अवचट यांनी या विळख्यावर लिहिले, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्यासह त्यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्या काळी महाराष्ट्राने जे पाहिले ते भयंकर होते आणि भीती खरी होती. या भीतीच्या वातावरणात, करारातली मुदत पाळण्यासाठी, संसदेने अमली औषधी द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ कायदा संमत केला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. बोलीत तो एनडीपीएस. गुन्ह्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी, आणि सुरुवातीला थोडा साठा आणि मोठा साठा यांत फारसा फरकही नव्हता. तो फरक २००१ च्या दुरुस्तीने आला.

गर्दवाल्याला पकडण्यासाठी विणलेल्या या जाळ्यात रुग्णालये सापडली. मॉर्फिन ठेवायचे तर ताबा, वाहतूक, आयात, निर्यात अशा चार-पाच परवानग्या लागू लागल्या. त्या उत्पादन शुल्क आणि औषध प्रशासन अशा वेगवेगळ्या खात्यांकडून मिळवायच्या, प्रत्येकीची मुदत वेगळी. एक येईपर्यंत दुसरी संपायची. नोंदवहीत एका गोळीची चूक झाली तर डॉक्टरवर फौजदारी. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, डॉक्टरांनी लिहिणे सोडले, आणि पुढच्या पिढीचे डॉक्टर ते वापरायला शिकलेच नाहीत. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ नंतरच्या बारा वर्षांत ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ मध्ये तो १८ किलोवर आला. शंभर कोटींच्या घरात पोहोचलेल्या देशाला वर्षभरासाठी अठरा किलो. त्याच काळात नीमच आणि गाझीपूरचे सरकारी कारखाने अफूतून अल्कलॉइड काढत होते, आणि भारतीय अफू परदेशांतल्या औषध उद्योगाला वैध मार्गाने पुरवली जात होती.

कायदा कसा सुटला

कायदा आपोआप बदलला नाही. काही माणसांनी तो वर्षानुवर्षे रेटून बदलायला लावला. औषधशास्त्रज्ञ डॉ. रवींद्र घूई यांच्या आईला स्तनाचा कर्करोग होता, आणि औषधांची इतकी जाण असलेल्या मुलालाही तिच्यासाठी मॉर्फिन मिळवता आले नाही. १९९८ मध्ये त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि आईच्या वेदनेविषयी लॅन्सेटमध्ये लिहिले. न्यायालयाने मॉर्फिनविषयीचे अर्ज तातडीने निकाली काढण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी केंद्राच्या महसूल विभागाने राज्यांना नियम सोपे करण्यासाठी एक नमुना पाठवला. काही राज्यांनी तो स्वीकारला, काहींनी कागदावर स्वीकारून बाजूला ठेवला. २००७ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर सर्वोच्च न्यायालयात गेली. २००९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने भारतातल्या वेदनेवर अहवाल काढला. सरकारी मदतीवर चालणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रादेशिक कर्करोग केंद्रांत उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारी सेवा) किंवा वेदनाव्यवस्थापन नाही, असे त्याने दाखवले.

शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा नवा वर्ग निर्माण झाला आणि त्यांवरचा नियमाधिकार राज्यांकडून काढून केंद्राकडे गेला, म्हणजे देशभर एकच नियम. मे २०१५ च्या नियमांनी या वर्गात सहा औषधे आली : मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन. आता रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, एकच अर्ज करून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ व्हायचे. वेदनाशमन आणि उपशामक सेवेचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर हवा. वर्षाला लागणाऱ्या औषधाचा अंदाज कळवायचा आणि रोजचा हिशेब ठेवायचा. पूर्वीच्या परवान्यांच्या चक्रापुढे ही व्यवस्था सरळ आहे, आणि औषधावरचा ताबाही ती सोडत नाही.

महाराष्ट्राकडे काय आहे

या क्षेत्रात महाराष्ट्र मागून आलेला नाही. देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांचे सेवागृह, मुंबईतच सुरू झाले : कर्करोगशल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना उभारले, पुढे गोव्यातही. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र मोफत सेवा आणि प्रशिक्षण देते. टाटा रुग्णालयाने डॉ. मेरी ॲन मुकादेन यांच्या नेतृत्वाखाली उपशामक वैद्यकाचा विभाग वाढवला, आणि या विषयातली एमडी पदवी देशात तिथूनच सुरू झाली. २०१२ मध्ये राज्य सरकारने उपशामक सेवेचे धोरण आखले. केरळने ते २००८ मध्ये केले होते आणि महाराष्ट्र दुसरा. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला.

पालघर जिल्ह्याला तर याचा स्वतःचा अनुभव आहे. २०१० ते २०१५ या काळात महाराष्ट्रात मुलांसाठीच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प चालला. टाटा रुग्णालय, राज्याचा आरोग्य विभाग, इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर आणि ब्रिटनमधल्या संस्था यांचे ते एकत्रित काम होते. त्यातले एक ठिकाण होते जव्हारचे कुटीर रुग्णालय, तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरमध्ये. कुपोषणाच्या बातम्यांनीच ज्या तालुक्याचे नाव बाहेर जाते, तिथे असाध्य आजाराच्या मुलांच्या वेदनेकडे आणि त्यांच्या आईवडिलांच्या ओझ्याकडे पाहायला तिथल्याच कर्मचाऱ्यांना शिकवले गेले. सरकारी ग्रामीण रुग्णालयातला कर्मचारी हे काम शिकू शकतो, हे जव्हारने दाखवून दिले. परदेशी निधीचा प्रकल्प ठरावीक वर्षांनी संपतो, आणि त्यानंतर ते काम नियमित वेतनाच्या पदांवर आणि नियमित औषधखरेदीवर उभे राहिले नाही तर शिकलेली माणसे बदली होऊन निघून जातात. हा धडाही तितकाच महत्त्वाचा.

शेवटचे दहा किलोमीटर

मग अडते कुठे? मोठी केंद्रे परळ, वांद्रे, पुणे अशा शहरांत आहेत. अर्नाळ्याचा रुग्ण जेव्हा हिंडू-फिरू शकतो तेव्हा तो तिथे पोहोचतो. पण मॉर्फिनची खरी गरज बहुधा तो अंथरुणाला खिळल्यावर लागते. त्या वेळी गोळ्या संपल्या की घरातला कमावता माणूस दिवसाचा रोज बुडवून परळ गाठतो. डोलीच्या जाळ्यावर जाणाऱ्या खलाशाच्या किंवा बोंबील सुकवणाऱ्या बाईच्या घरात बुडालेला दिवस म्हणजे बुडालेली चूल.

गावाजवळ गोळी का नाही, याची कारणे एकात एक अडकलेली आहेत. खासगी दवाखान्याला मान्यता घेण्यात फायदा दिसत नाही : गोळी इतकी स्वस्त की त्यात कमाई नाही आणि हिशेबाची कटकट मात्र आहे. सरकारी रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर नसेल तर मान्यता मिळत नाही, मान्यता नाही म्हणून औषध नाही, औषध नाही म्हणून कुणी प्रशिक्षणाला जात नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखी योजना रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांभोवती बांधलेली आहे. घरी पडलेल्या माणसाची महिन्याची गोळी आणि परिचारिकेची फेरी तिच्या चौकटीत सहज बसत नाही.

त्यात अर्नाळ्याची एक स्थानिक अडचण. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, पण अर्नाळा आणि अर्नाळा किल्ला या ग्रामपंचायती राहिल्या. शेजारची आगाशी महापालिकेत, अर्नाळा जिल्हा परिषदेच्या आरोग्ययंत्रणेत. रुग्ण मात्र ही हद्द रोज ओलांडतो. कोणत्या यंत्रणेने त्याच्या दारी जायचे, हे दोन्ही यंत्रणांनी मिळून ठरवल्याशिवाय ठरणार नाही.

भीतीची दुसरी बाजू

व्यसनाचा धोका खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २ कोटी २६ लाख लोकांनी वर्षभरात कोणते ना कोणते अफूवर्गीय द्रव्य घेतल्याचे दिसले. यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती, आणि त्यांचा मोठा भाग ज्या मोजक्या राज्यांत आहे त्यांत महाराष्ट्रही आहे. हेरॉइन सर्वांत वर, आणि त्याच्या फार मागे नाहीत ती औषधांच्या रूपातली द्रव्ये. पण ही औषधे कोणती? मॉर्फिनच्या गोळ्या नव्हेत. ती आहेत कोडीनची खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉल आणि तत्सम गोळ्या, म्हणजे जी कुलपाबाहेर होती ती.

सरकारने यांवर टप्प्याटप्प्याने हात टाकला. २०१४ पासून एच-१ ही यादी आली. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखे औषध देताना दुकानदाराने डॉक्टर आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएसखाली आले. २०२३ मध्ये कोडीनच्या काही मिश्रणांवर बंदी आली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवले की मुंबईची एवियो फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या बनवून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती, आणि घाना, नायजेरियातले तरुण त्यांच्या आहारी जात होते. केंद्राने लगेच या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी मागे घेतली. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जे झाले त्याची पुनरावृत्ती होऊ देणे महाराष्ट्राला शोभणारे नाही, आणि औषध प्रशासनाची खरी कसोटी अशा ठिकाणी आहे.

अमेरिकेचे उदाहरण मॉर्फिनविरोधात नेहमी दिले जाते. तिथे १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांच्या मनावर ठसवले. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेले जेमतेम एका परिच्छेदाचे पत्र पुरावा म्हणून मिरवले गेले. पाठदुखी, गुडघेदुखी, दाढ काढणे अशा कारणांसाठी महिनोन् महिने गोळ्या लिहिल्या गेल्या. पुढे लोक हेरॉइनकडे आणि बेकायदा फेंटानिलकडे वळले, आणि २०२१ मध्ये अफूवर्गीय द्रव्यांनी सुमारे ८० हजार माणसे दगावली. हे घडले ते कंपनीच्या विक्रीला मोकळे रान मिळाल्याने. नंतर २०१६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने लिहून देण्यावर मर्यादा सुचवल्या, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांचा अर्थ इतका ताणला गेला की वर्षानुवर्षे औषधावर असलेल्या रुग्णांचे औषध एकाएकी तोडले गेले. २०२२ मध्ये त्या रोगनियंत्रण केंद्राला आपली मार्गदर्शिका सुधारावी लागली. नफ्याने चालणारे सैल धोरण आणि भीतीने चालणारे घट्ट धोरण या दोहोंत रुग्णच भरडला जातो, हे अमेरिकेने दोन्ही वेळा दाखवले.

प्रत्येक दुखण्याला मॉर्फिन नको

म्हणूनच कोणत्या वेदनेला काय, हे स्पष्ट असायला हवे. जाळी ओढून आयुष्यभर वाकलेली पाठ, टोपल्या वाहून झिजलेले मणके, बर्फात हात घालून आखडलेली बोटे, ही अर्नाळ्याची नित्याची दुखणी आहेत. यांना मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल दीर्घकाळ देणे बहुधा चुकीचे. यांना हवा आहे फिजिओथेरपिस्ट, व्यायाम, कामाची पद्धत बदलणे आणि जपून दिलेली साधी औषधे. आज त्यांच्या जागी लोक दुकानातून ‘पेनकिलर’ घेतात आणि पोट व मूत्रपिंड बिघडवून घेतात. मधुमेहाच्या किंवा नागिणीच्या नसांच्या वेदनेला निराळी औषधे लागतात. हाडात पसरलेल्या कर्करोगाला एखाद-दुसऱ्या किरणोपचारानेही मोठा आराम पडतो.

दुसरीकडे, कर्करोगाशिवायही मॉर्फिन लागते अशी वेदना आहे. सिकलसेलच्या रुग्णाला येणारा वेदनेचा झटका हा माणसाला माहीत असलेल्या तीव्र वेदनांपैकी एक. सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले, तपासणी आणि ओळखपत्रे यांवर त्याचा भर आहे. झटका आलेल्या आदिवासी मुलाला जवळच्या रुग्णालयात तासाभरात जोरकस वेदनाशामक मिळते का, हाही त्या अभियानाचा निकष असला पाहिजे.

वसई तालुक्यात काय करता येईल

यासाठी नवा कायदा लागत नाही. केरळने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीतून प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेली परिचारिका घरोघरी पाठवली. युगांडाने २००४ मध्ये कायदा बदलून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला आणि मॉर्फिनचे पातळ औषध देशातच बनवून मोफत वाटले. आपल्याकडे परिचारिकेला तो अधिकार नाही, पण डॉक्टरने सुरू केलेल्या औषधाचा पाठपुरावा ती नक्की करू शकते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांत उपशामक सेवा लिहिलेलीच आहे, आणि २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदना व उपशामक सेवेचा भाग आला आहे.

वसई तालुक्यातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाने, महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या, मान्यताप्राप्त संस्था म्हणून अर्ज करावा आणि बदलीने काम थांबू नये म्हणून किमान दोन डॉक्टर प्रशिक्षित करावेत. एक परिचारिका ठरलेल्या दिवशी अर्नाळ्याला आणि किल्ल्यावर फेरी घालेल. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी आशा सेविकेकडे आपसूकच असते, ती या परिचारिकेच्या हाती जावी. परळहून घरी पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती जवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी असावी. गोळ्या मोजून द्याव्यात, घरात कुलपात ठेवायला सांगाव्यात, आणि रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या सन्मानाने परत घ्याव्यात. मच्छीमार सहकारी संस्था, चर्चची मंडळे, महिला बचत गट यांचे जाळे या किनाऱ्यावर जुने आणि घट्ट आहे. केरळमध्ये शेजारपाजारच्या स्वयंसेवकांच्या गटांनी केले ते काम, म्हणजे सोबत बसणे, अंघोळ घालणे, होडीची आणि रिक्षाची सोय करणे, ही माणसे करू शकतात.

याच यंत्रणेत व्यसनमुक्तीही असली पाहिजे. ज्याला ट्रॅमाडॉलची किंवा गर्दची सवय लागली आहे त्याला जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनची उपचारपद्धती, समुपदेशन आणि पोलिसांच्या भीतीशिवाय येता येईल असा दवाखाना हवा. वेदना भोगणारा आणि व्यसनात अडकलेला ही एकाच गावातली, कधी एकाच घरातली माणसे असतात. एकाला औषध नाकारून दुसरा वाचत नाही, हे गेल्या चाळीस वर्षांनी पुरेसे सिद्ध केले आहे.

खर्चाचे कारण पुढे करता येणार नाही. जगातली मॉर्फिनची सगळी तूट वाजवी भावाने भरून काढायला वर्षाला १४.५ कोटी डॉलर पुरतील, असे लॅन्सेट आयोगाने काढले होते. एका तालुक्याचा वाटा त्यात किती किरकोळ असेल, याची कल्पना करता येते.

मॉर्फिनच्या धोरणाचे यश आजवर किलोमध्ये मोजले गेले. ते आता तासांत मोजायला हवे : डॉक्टरने मॉर्फिन लागेल असे म्हटल्यापासून पहिली गोळी रुग्णाच्या तोंडात जाईपर्यंत किती तास गेले? अर्नाळ्याच्या आणि अर्नाळा किल्ल्याच्या ग्रामसभांनी हा प्रश्न ठरावात घालून जिल्हा परिषदेला, महापालिकेला आणि अन्न व औषध प्रशासनाला विचारावा आणि दरवर्षी उत्तर मागावे. कायदा २०१४ मध्ये रुग्णाच्या बाजूला आला आहे. त्याची अंमलबजावणी मागणे हा आता गावाचा हक्क आहे, आणि तो वापरलाच पाहिजे.